क्लोव्हर चारापट्टे, हरणांसाठीचे
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) जंगलाच्या कडेला राखलेले चाऱ्याचे छोटे तुकडे. त्यांत मुख्यत्वे पांढरा क्लोव्हर (ट्रायफोलियम रेपेन्स) ही शिंबावंत कुलातील बहुवर्षायू वनस्पती लावतात. तिचा कोवळा पाला प्रथिनयुक्त असून हरणे तो आवडीने खातात.

पेरणीचा काळ हवामानानुसार बदलतो. दक्षिणेकडील राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम हंगाम होय. उत्तरेत ऑगस्टमध्ये पेरतात. कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी रोपांना मुळे धरण्यास सु. ६ आठवडे मिळावे लागतात. वसंतातही पेरणी होते, मात्र तणांचा उपद्रव वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘गोठण-पेरणी’ करतात : रात्री जमीन गोठते, दिवसा वितळते, या आकुंचन-प्रसरणाने पडलेल्या बारीक भेगांत फोकलेले बी आपोआप उतरते, नांगरट लागत नाही.

जमिनीचा सामू ६ ते ७ असावा. आम्ल जमिनीत आधी चुना मिसळतात. बी अतिशय बारीक असल्याने ते ६ मिमी.पेक्षा खोल जाऊ देत नाहीत. फोकल्यावर वरून रूळ फिरवतात. बियाण्यास ऱ्हायझोबियम जिवाणू चोळल्यास मुळांवर गाठी येऊन हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण होते. शरदातील पेरणीत ओट वा गहू मिसळल्यास रोपांना आडोसा मिळतो.

महाराष्ट्रात रब्बीत जनावरांसाठी घेतले जाणारे बरसीम (ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम) याच प्रजातीतील आहे.