रविवार, मेगाब्लॉक आणि १५०० व्होल्ट

रविवारी घाटकोपरहून मुलुंडला निघालं की हटकून स्लो गाडी फास्ट ट्रॅकवर घालतात, कांजूर-नाहूर गाळतात आणि आपण रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो. मीही मोडतो. वास्तविक सर्व्हरच्या मेंटेनन्ससाठी आम्हीही शनिवारची रात्रच मागून घेतो! रेल्वेला तर रोज रात्री जेमतेम दोन-तीन तास मिळतात. उरलेलं काम रविवारी.

पण या शहरातलं सगळ्यात अवघड मेंटेनन्स रविवारी उरकणारं नव्हतं.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली. त्या काळी डीसीच शहाणपणाचं होतं, कारण त्यावर मोटरचा वेग आवरायला सोपा. पण व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त, जाड तारा आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. गाड्या नऊच्या बारा डब्यांच्या व्हायला लागल्यावर हे झेपेना. २५,००० व्होल्ट एसीवर तेवढ्याच शक्तीला साधारण सोळावा हिस्सा करंट पुरतो. मग बदला की! बदलणार कधी? लोकल महिनाभर बंद ठेवायची कोणाची हिंमत आहे?

म्हणून बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने. तोवर गाड्या दोन्ही विजेवर चालणाऱ्या हव्यात, म्हणजे आमच्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबल. एसी-डीसीच्या सांध्यावर डब्यातले दिवे-पंखे काही सेकंद बंद व्हायचे, आठवतंय? २००७ पासून आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्या अशाच दुहेरी.

मला खरा त्रास वाटतो तो कारशेडच्या स्टोअरकीपरचा. जुन्या डीसी मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, कॉन्टॅक्टर जळतात. नव्या थ्री-फेज मोटरला ब्रशच नाहीत, पण इलेक्ट्रॉनिक्स आहे. म्हणजे एकाच शेडमध्ये दोन संसार. त्यातला एक ठरलेल्या दिवशी मोडणार, फक्त तो दिवस पुढे सरकत राहतो! सुटे भाग जास्त मागवले तर भंगार, कमी मागवले तर गाडी शेडमध्ये उभी आणि बोरिवलीच्या फलाटावर दुप्पट गर्दी. लेगसी सिस्टिम सांभाळलेल्यांना कळेल :-)

पश्चिम रेल्वे फेब्रुवारी २०१२ मध्ये सुटली. मध्य रेल्वेची मेन लाइन जून २०१५ मध्ये. हार्बर शेवटपर्यंत राहिली. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री डीसीवरची शेवटची लोकल निघाली, कुर्ल्याहून सीएसटीला. एक्क्याण्णव वर्षांपूर्वी पहिली धावली होती त्याच रस्त्याने, उलट दिशेला.