पेरूचं उसनं नाव

दिवाळी उलटली की देवळाली प्रवराच्या आठवडी बाजारात पेरूंचे ढीग लागतात. ‘लखनौ हाये भाऊ, नुसती साखर,’ असं म्हणत मावशी एक पेरू चिरतात, त्याच्या चार पाकळ्या उघडतात आणि वर तिखट-मीठ भुरभुरतात. हा ‘लखनौ’ खरं तर पुणेकर. लखनौहून आणलेल्या बियांची रोपं गणेशखिंडीत वाढवली, त्यातलं एक झाड १९२७ च्या सुमारास निवडलं, आणि त्याच्या वंशाला ‘लखनौ-४९’ म्हणू लागले. पुढे कागदोपत्री तो ‘सरदार’ झाला. बाजाराने ती सरदारकी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

वाणाचं जाऊ द्या, ‘पेरू’ हा शब्दच उसना. शाळेत आम्हाला वाटायचं, पेरू देशातून आला म्हणून पेरू. फळ अमेरिकेकडचंच, त्यामुळे तर्क अगदी टाकाऊ नव्हता. पण गोव्यात पेरूला ‘पेर’ म्हणतात आणि त्याच्या लाल, घट्ट वडीला ‘पेराद’. इथे माग लागतो. पोर्तुगीजात ‘पेरा’ म्हणजे नाशपती आणि ‘पेराडा’ म्हणजे नाशपतीचा आटवलेला मुरंबा. अनोळखी फळ दिसलं, त्याला ओळखीच्या फळाचं नाव देऊन मोकळे झाले. गंमत अशी की हिंदीतल्या ‘अमरूद’चीही हीच गोष्ट. फारसीत अमरूद म्हणजे नाशपतीच. एकाच फळाला दोन वाटांनी आलेल्या शब्दांनी नाशपती ठरवलं! विदर्भ मात्र या भानगडीत पडला नाही, तिथे ‘जांब’. गुजरातीत ‘जामफळ’.

आमच्याकडचा शेतकरी म्हणतो, ‘औंदा मृग बहार धरला.’ म्हणजे उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, पावसावर झाड फुलू द्यायचं आणि माल हिवाळ्याच्या तोंडाशी काढायचा. बहार हा फारसी शब्द, अर्थ वसंत. तो मराठीत येऊन आधी मृगाला चिकटला, मग हस्तालाही. भर आश्विनातला ‘हस्त बहार’ म्हणजे नक्षत्र संस्कृत, वसंत फारसी आणि ऋतू शरद. पंचांग हातात घेऊन बसलं तर डोकं फिरेल. बागाईतदाराचं मात्र काही अडत नाही.

घरी त्या पेरूंची कोशिंबीर होते. पिवळट पण कडक फळ घ्यायचं. मऊ पडलेला पेरू दह्यात विरघळतो आणि सगळा लगदा होतो. मधला बियांचा गर चमच्याने काढायचा, नाहीतर जेवणभर दातांखाली कचकच. उरलेल्याच्या बारीक फोडी करायच्या, त्यात दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर घालायची आणि वर तुपात जिरं-मिरचीची फोडणी. फोड आणि फोडणी एकाच घरातल्या, दोघी ‘फोडणे’च्या लेकी, आणि त्यांच्या मागे संस्कृत ‘स्फोट’. एकीत सुरी फोडते, दुसरीत जिरं तडतडतं. दही अगदी शेवटी घालायचं. वरून डाळिंबाचे दाणे. संस्कृत ‘दाडिम’मधला ड मराठीत ळ झाला, जसा ‘गुड’चा गूळ आणि ‘षोडश’चं सोळा. कोथिंबीर हवीच, तिचं मूळ ‘कुस्तुंबरी’. कोशिंबिरीची बहीण कन्नडमध्ये ‘कोसंबरी’ म्हणून नांदते, पण तिच्यात भिजवलेली मुगाची डाळ असते.

मराठी ताटात कोशिंबिरीची जागा ठरलेली, डावीकडे, चटणी-लोणच्याच्या शेजारी. तिचा हुद्दा ‘तोंडीलावणं’. जेवणाआधी भूक चाळवायला वेगळा पदार्थ ही आपली रीत नाही, म्हणून त्याला घरगुती शब्दही नाही. कोशातला ‘क्षुधावर्धक’ ऐकून तर औषधाची बाटलीच आठवते.

परवा हॉटेलचं शिक्षण घेणारा भाचा जेवायला आला. वाटीभर कोशिंबीर खाऊन म्हणाला, ‘मामा, हा स्टार्टर मस्त जमलाय.’ तोवर त्याची तिसरी पोळी संपत आली होती.