कुलाच्या चौकटीतील एकल माता : इरावती कर्वे यांच्या कुटुंबविचारातील एक रिकामी जागा

इरावती कर्वे यांचा भारतीय आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कर्वे यांनी आखलेल्या मध्य विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, ओरिसा यांच्याबरोबर हा प्रदेशही येतो. एका छपराखाली राहणारा, एका चुलीवर रांधलेले खाणारा, समाईक मालमत्तेचा व समाईक उपासनेचा आप्तसमूह म्हणजे एकत्र कुटुंब, ही त्यांची व्याख्या पुढे समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. या व्याख्येत पदरी मुले असलेली एकटी बाई कोठे बसते? ती असते, परंतु कोणाची तरी विधवा किंवा माहेरी परतलेली लेक म्हणून. तिचे व तिच्या मुलांचे मिळून 'कुटुंब' मात्र होत नाही.

हा दोष सर्वस्वी कर्वे यांचा मानता येणार नाही. महाराष्ट्रातील पाट व म्होतूर, छत्तीसगढमधील अनेक जातींतील 'चूडी', या पुनर्विवाहाच्या प्रथांतून एकट्या बाईला पुन्हा एखाद्या घरात सामावून घेतले जाई. ज्या उच्चवर्णीयांत ही वाट बंद होती, तेथे प्रश्न अधिक उघडा पडे. कर्वे यांच्या सासरीच त्याचे उदाहरण होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांची बहीण पार्वतीबाई आठवले या मुलगा लहान असतानाच विधवा झाल्या आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. त्यांची 'माझी कहाणी' (१९२८) हा एकल मातृत्वाचा मराठीतील एक आरंभीचा आत्मपर दस्तऐवज होय. समाजशास्त्राने तो क्वचितच त्या दृष्टीने वाचला.

कर्वे यांचा अभ्यासमार्ग पाहिला म्हणजे ही जागा रिकामी का राहिली, ते काहीसे उमगते. मुंबईत घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावनांचा अभ्यास केला. बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या असमतेवर डॉक्टरेट मिळवली. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमाप, नात्यांच्या संज्ञा, विवाहाचे विधिनिषेध ही त्यांची साधने; या साधनांना समूह दिसतो. एका आईने वयात येणारी मुले कशी सांभाळली, हे त्यांतून दिसत नाही. (ललितलेखनात मात्र नजर वेगळी आहे. 'परिपूर्ती' या लेखात विदुषीच्या सर्व ओळखींवर मात करते ती मुलाच्या वर्गसोबत्यांनी दिलेली 'आई' ही ओळख.)

ही उणीव भरून निघते ती 'युगान्त'मध्ये (१९६७), आणि तीही महाभारताच्या आधारे. पांडूच्या मृत्यूनंतर कुंती पाच मुलांना घेऊन हस्तिनापुरात येते. त्यांतील दोघे सवतीचे. ही मुले पांडूचीच, अशी ग्वाही ऋषींना कुरुसभेत द्यावी लागते, कारण त्या ग्वाहीवरच त्यांचा वारसा अवलंबून आहे. आई असणे येथे पुरेसे नाही. जन्मदात्याने तिला लहानपणीच दुसऱ्याला देऊन टाकलेले. पुढचे आयुष्यही पुरुषांच्या निर्णयांनी ठरलेले. कर्वे तिच्याकडे वीरमाता म्हणून पाहत नाहीत. आप्तसंबंधांच्या जाळ्यात सापडलेली एक व्यक्ती म्हणून त्या तिला वाचतात. युधिष्ठिर विदुराचा मुलगा असेल काय, हा त्यांचा वादग्रस्त तर्कही याच जाळ्याच्या विचारातून आला आहे. तो मान्य करण्याचे कारण नाही. पण असा प्रश्न आप्तसंबंधांच्या अभ्यासकालाच सुचावा, हे ध्यानात घ्यावे.

तौलनिक वाचनाला रायपूर-दुर्ग परिसरातील पंडवानी येथे उपयोगी पडते. तीजनबाईंनी कापालिक शैलीतील पंडवानी देशाबाहेर नेली. त्या परंपरेत कथेचे नायकपद भीमाकडे जाते, म्हणजे वाढलेल्या मुलाकडे. 'युगान्त' त्याच कुळाची कथा आईच्या बाजूने उलगडते. संशोधित आवृत्तीचे काम पुण्यात १९६६ साली पुरे झाले होते. कर्वे यांनी तिचाच आधार घेतला, त्यामुळे लोककथेतील कुंती त्यांच्या विवेचनाबाहेर राहिली.

वनवासाच्या व अज्ञातवासाच्या तेरा वर्षांत मुले दूर होती आणि कुंती विदुराच्या घरी राहत होती. ते घर कुरूंचे, पण राजवाडा नव्हे, चूल दिराची. मुलांना तिने कृष्णाकरवी निरोप पाठवला तो विदुलेच्या कथेचा, पराभूत होऊन परतलेल्या मुलाला पुन्हा रणात धाडणाऱ्या आईचा. कर्वे यांच्या १९५३ च्या ग्रंथातील चार विभागांपैकी कोणत्याही विभागात या घराला नाव नाही.