पावणेतीनच्या आधीचे नऊ तास

अमेरिकेत टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेच्या उपनगरांत, लोकांच्या घरापुढची हिरवळ कापून देणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या आहेत. एक पिकअप, मागे उघडा ट्रेलर आणि त्यावर दोन-तीन मोअर, म्हणजे गवत कापायची यंत्रं, एवढाच त्यांचा पसारा. पुढचा दिवस आणि त्यातली माणसं मी रचली आहेत. वजनं, हवेचे आकडे आणि टायर फुटण्याची रीत मात्र खरी आहे.

पहाटे 5.45. ऑगस्ट 2024. दोन एक्सलचा, चार चाकांचा ट्रेलर यार्डात उभा आहे. मालक टॉर्च मारून टायरची नक्षी बघतो. ती जवळजवळ नव्यासारखी आहे, म्हणून तो समाधानाने वळतो. पण ट्रेलरचा टायर सहसा झिजून मरत नाही. तो वयाने, कमी हवेने आणि उष्णतेने मरतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले आहेत : 3117. म्हणजे 2017 सालचा 31वा आठवडा. टायर सात वर्षांचा आहे, आणि वापर कितीही कमी असो, पाच-सहा वर्षांनी ट्रेलरचे टायर बदलावेत असं जाणकार सांगतात.

टायरवर आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे : 50 पीएसआय हवेच्या दाबाला 1,820 पौंड, म्हणजे सुमारे 825 किलो. ही वजन पेलण्याची ताकद रबराची कमी, आतल्या हवेची जास्त. डाव्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हला बारीक चीर आहे. त्यात आता 30 पीएसआय उरलेत, आणि एवढ्या हवेवर तो जेमतेम सहाशे किलो पेलतो. गेज पिकअपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. टायर थंड आहेत. हवा मोजायची खरी वेळ हीच.

6.20. सहाशे-सहाशे किलोचे दोन मोअर चढतात. रिकामा ट्रेलर नऊशे, इंधन-अवजारं दोनशे. थोडा भार पिकअपच्या हुकावर जातो, उरलेला चार चाकांवर. प्रत्येकी पाचशेच्या आसपास. अजून निभतंय.

8 ते 11. घरामागून घर. वेग कमी, अंतरं छोटी. काही होत नाही.

11.30. उद्याच्या कामासाठी खताची सोळा पोती ट्रेलरवर येतात, 360 किलो. कापलेलं ओलं गवतही मागे साठलंय, दोनशे किलो तरी. आता चाकामागे सव्वासहाशेच्या वर भार झाला. डावा मागचा टायर ताकदीबाहेर गेलाय, आणि हे कुणाच्याही नजरेत येत नाही. एकाच एक्सलचा ट्रेलर असता तर तो एका बाजूला कललेला दिसला असता. इथे शेजारचं चाक त्याला उचलून धरतंय. दोन एक्सलची हीच गोष्ट मला सर्वांत घातक वाटते.

1.10. पेट्रोल पंप. बाहेर चाळिशीच्या जवळचं तापमान. एक कामगार टायरला लाथ मारून बघतो. गरम टायरमधली हवा फुगलेली असते, त्यामुळे तो टणक लागतो. त्याने चारही टायरांवर तळहात ठेवून पाहिला असता, तर एक टायर इतरांपेक्षा कितीतरी जास्त तापलेला हाताला कळला असता. ही शेवटची संधी होती.

2.25. ट्रेलर हायवेला लागतो. ट्रेलरच्या टायरना, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, ताशी 65 मैलांची मर्यादा धरतात. पिकअप 72 वर आहे, कारण आजूबाजूला सगळे त्याहून जोरात आहेत. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा सरळ होते, सेकंदाला चौदा-पंधरा वेळा. त्या घडीमोडीची उष्णता बाहेर पडायला वाव नाही. नक्षीचा पट्टा आणि खालच्या पोलादी तारा यांच्यामधलं जुनं रबर सुटायला लागतं. चालकाला क्षीण थरथर जाणवते. त्याला वाटतं, रस्ताच खराब आहे.

2.44. पट्टा सोलून निघतो, मडगार्ड फाडतो, आणि टायर फुटतो. त्या बाजूचा सगळा भार, साडेबाराशे किलो, शेजारच्या टायरवर. तोही 2017चाच. काही सेकंदांत तोही जातो.

चालक पूर्ण ताकदीने ब्रेक दाबतो. ट्रेलर आडवा फिरू लागतो. ब्रेक न दाबता, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढून, स्टिअरिंग सरळ धरून, ट्रेलरचा ब्रेक हाताने वेगळा लावला असता तर कदाचित सावरता आलं असतं. पण हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

2.45. मागचा मोअर एकाच पट्ट्याने बांधलेला होता. पट्टा तुटतो. सहाशे किलोचं यंत्र शेजारच्या लेनमधल्या मोटारीवर जातं. त्या मोटारीतल्या बाईंचा या ट्रेलरशी, या टायरशी काहीही संबंध नव्हता. त्या वाचत नाहीत.

ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती : सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना, गेज लावा. स्टेपनीलाही. टायरच्या बाजूवरचे आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे वाचा, आणि सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, चारही टायर बदला. चार टायरांची हवा मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.