जीर्णोद्धाराच्या आधी जरा अजिंठा आठवा

गावोगावी जुन्या देवळांचे, वाड्यांचे जीर्णोद्धार चाललेत. वर्गणी जमते, रंगाचे डबे येतात आणि दोन दिवसांत जुनी चितारलेली भिंत ऑइलपेंटखाली गडप होते. हेतू वाईट नसतो हो. पण नुसता हेतू चांगला असून भागत नाही, हे आपल्याच अजिंठ्यात दिसतं.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला आणि लेणी पुन्हा जगापुढे आली. मग नकला काढणं सुरू झालं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले. चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश फिरवलं गेलं. यातल्याही बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत गेल्या. नकला गेल्या, व्हार्निश मात्र भिंतीवर राहिलं!

१९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे उपकारच. पण वर चढवलेली लाख पुढे पिवळी पडली. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ नंतर कित्येक वर्षं हे थर काढत बसले.

ही चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. मातीत भुसा, तंतू कालवून गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे ओलं फडकं फिरवलं की रंगच निघायचा.

म्हणूनच हे काम शिकावं लागतं. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, तिथे संवर्धनाचं प्रशिक्षण मिळतं. या विद्येचे नियम साधे आहेत : आधी कोपऱ्यात छोटीशी चाचणी, वापरलेला पदार्थ उद्या काढता आला पाहिजे आणि उडालेल्या जागी आपल्या मनाचं चित्र काढायचं नाही. हात कुठे थांबवायचा, तेच मुळात शिकायचं.

मंडळी, आपल्या देवळात-वाड्यात जुनं चित्र असेल तर पुसू नका, रंगवू नका. फोटो काढा, छपराची गळती थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. वर्गणी पुढच्या वर्षीही जमेल. गेलेली भिंत परत येणार नाही.