मैदानाकडे निघालेली गाडी

२९ जुलै १९११, शनिवार. त्या दिवशी कलकत्त्यास आय. एफ. ए. ढालीचा अंतिम सामना होऊन मोहन बागान या बंगाली मंडळींच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २ विरुद्ध १ अशा गोलांनी पराभव केला. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. एकटे रेव्हरंड सुधीर चॅटर्जी तेवढे बूट घालून खेळले. या विजयाचे पोवाडे पुष्कळांनी गाइले आहेत. आम्हांस कुतूहल आहे ते त्या दिवशी घरून निघून मैदानाची वाट धरणाऱ्या माणसांचे.

ईस्ट इंडियन रेल्वेने सामन्यासाठी खास गाडी सोडली. हुगळीवर जादा आगबोटीही धावल्या. पूर्व बंगाल, आसाम, बिहार इतक्या दुरून लोक आले. जमाव ८० हजारांपासून १ लाखापर्यंत होता असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. यांतील कित्येकांस ते मैदानच काय, पण कलकत्ता शहरही प्रथमच दिसत असावे. हावड्यास उतरलेल्याने नदी ओलांडावयाची ती १८७४ सालच्या तरंगत्या पुलावरून, आणि पुढे विजेची ट्राम किंवा स्वतःचे पाय. पूर्वेकडील मंडळी शियालदहला उतरत.

एवढा खटाटोप करून त्यांना दिसले काय? सामना कलकत्ता फुटबॉल क्लबच्या मैदानावर होता आणि तेथे बसावयाची सोय मोजक्यांचीच. एक-दोन रुपयांचे तिकीट पंधरा रुपयांपर्यंत चढले, म्हणजे साध्या कारकुनाने त्याचे नावच काढू नये. कोणी झाडांवर चढले, कोणी खोक्यांवर उभे राहिले. ज्यांना काहीच दिसेना त्यांच्यासाठी पतंग उडविण्यात आले आणि त्यांवरून गोलांची संख्या कळू लागली. प्रथम पलटणीचा गोल झाला. मग शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अखेरच्या घटकांत अभिलाष घोषांनी दुसरा गोल केला. हजारो माणसांनी हा सामना पाहिला तो आकाशाकडे तोंड करून! तरीही आपण फसलो असे त्यांना वाटले नसावे. त्यांना त्या जमावात असावयाचे होते.

हिंदुस्थानात लोहमार्ग का हवेत हे लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या टिपणात सांगितले आहे, व त्यात फौजांची त्वरित हालचाल हे कारण ठळक आहे. अठ्ठावन्न वर्षांनी त्याच रुळांवरून लोक गोऱ्या फौजेच्या एका पलटणीस हरताना पाहावयास गेले आणि त्यांच्या भाड्याचे पैसेही रेल्वेच्याच पेटीत पडले. १९०५ साली कर्झनने बंगालचे दोन प्रांत केले होते. परंतु तिसऱ्या वर्गाच्या डब्यास प्रांताची रेघ कळत नाही.

आमच्या मुंबईसही १९०६ साली हिंदूंच्या क्रिकेट संघाने युरोपियनांस हरविले होते आणि पळवणकर बाळूंची त्या संघातील कामगिरी कोणी विसरू नये. पण क्रिकेटचा सामना दिवसेंदिवस चालावयाचा; परगावच्या नोकरदारास तो पुरता पाहणे कठीण. फुटबॉल तासाभरात आटोपतो. शनिवारी निघावे, सामना पाहावा, रविवारी घरी असावे. आगगाडीच्या वेळापत्रकाशी इतका जुळणारा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाली आणि त्याच घोषणेने राजधानीही दिल्लीस गेली. या दोन्ही गोष्टींचे श्रेय-अपश्रेय त्या सामन्यास देणारे काही रसिक आहेत. आम्हांस हे पटत नाही. सहा वर्षांची चळवळ, स्वदेशी आणि बहिष्कार यांना बाजूस सारून दोन गोलांवर साम्राज्याचे धोरण फिरले असे मानणे म्हणजे इतिहासाची थट्टा होय. मात्र त्या चळवळीपासून जे दूर राहिले होते असे किती गृहस्थ त्या गाडीत होते, हे विचारण्याजोगे आहे. सभेस जावयास धजावणार नाही असा माणूसही सामन्यास जाऊ शकत होता.

मोहन बागानने ही ढाल पुन्हा जिंकली ती १९४७ साली. त्याच वर्षी बंगालवर दुसऱ्यांदा रेघ ओढली गेली. पूर्वेकडून शियालदहला येणाऱ्या गाड्या त्यानंतरही काही वर्षे चालू होत्या. त्या थांबल्या १९६५ च्या युद्धात.