लाट विकत मिळत नाही : घरातल्या समुद्राची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा, आणि वाचत असाल तर मजकूर सावकाश खाली सरकवा. आजचा विषय आहे खाऱ्या पाण्याचा फिश टँक. पण मी मासे, रंग, लाइटिंग यांच्यावर बोलणार नाहीये. मला बोलायचंय पाण्याच्या हलण्यावर. काचेच्या पेटीत समुद्राचं पाणी भरणं सोपं आहे. समुद्राचं हलणं भरायला माणसाला दीडशे वर्षं लागली.

सुरुवात करू १८४६ पासून. इंग्लंडमध्ये ॲना थिन नावाच्या एक बाई होत्या. त्यांचे पती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत वरच्या पदावर होते. या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या आणि तिथून जिवंत प्रवाळ घेऊन लंडनला आल्या. आता लंडनमध्ये समुद्र कुठला? आणलेलं पाणी मोजकं, आणि साठलेलं पाणी लवकर खराब होतं. मग उपाय काय केला? घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. परत पहिल्यात. असं अर्धा-पाऊण तास. आपण चहा गार करायला कपातून बशीत ओततो ना, अगदी तसं. ओतताना हवा पाण्यात मिसळायची, आणि प्रवाळ जगायचे.

मत्स्यालयाच्या इतिहासात ॲना थिन यांचं नाव येतं, आणि यायलाच हवं. पण माझ्या मते जगातला पहिला वेव्हमेकर म्हणजे त्या मोलकरणीचे दोन हात.

पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि इंग्लंडभर काचेच्या टाक्यांचं वेडच लागलं. १८७१ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी मोठी व्यवस्था उभी केली. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाणीसाठा खाली अंधारात, आणि तिथून पंपाने पाणी सतत वर-खाली फिरतं. हाताचं काम यंत्राकडे गेलं. मासे छान जगू लागले. प्रवाळांचं मात्र अवघडच राहिलं.

का बरं? इथे थोडं विज्ञान. मासा पोहत पाण्याकडे जातो. प्रवाळ जागचा हलत नाही, म्हणून पाण्यानेच त्याच्याकडे यावं लागतं. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. ऑक्सिजन, अन्न, टाकाऊ पदार्थ, सगळ्यांची ये-जा त्या थरातूनच. पाणी जोरात हललं की थर पातळ होतो आणि ही ये-जा वाढते. दोरीवर वाळत घातलेले कपडे आठवा. ऊन तेवढंच असतं, पण वारा सुटला की भराभर वाळतात. कारण कपड्याजवळची दमट हवा वारा उडवून नेतो.

मग एक तगडा पंप लावला की झालं? नाही. नदी एकाच दिशेने वाहते, समुद्र येतो आणि जातो. पाणी एकाच बाजूने येत राहिलं तर प्रवाळाच्या त्या बाजूला मारा होतो, आणि मागच्या बाजूला गाळ साठतो. खडकावर लाट येते, फुटते, उलटी फिरते, तेव्हा प्रत्येक बाजूला आळीपाळीने ताजं पाणी मिळतं. म्हणजे प्रश्न नुसत्या जोराचा नव्हता, बदलाचा होता.

यावर विसाव्या शतकात बऱ्याच जणांनी डोकं लावलं. १९६१ मध्ये जाकार्ताचे ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवायचे आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलतं ठेवायचं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे बे मत्स्यालय उघडलं. तिथे केल्प या प्रचंड समुद्री शेवाळाचं जंगलच टाकीत वाढवायचं होतं, आणि पाणी झुलल्याशिवाय केल्प नीट वाढत नाही. म्हणून त्यांनी पाण्यात खाली-वर होणारं लाटांचं यंत्र बसवलं. ते घडवण्यात पुढाकार कुणाचा, तर डेव्हिड पॅकार्ड यांचा. एचपी कंपनीतला ‘पी’ तो हाच!

मला सगळ्यात आवडते ती हवाईची युक्ती. वायकिकी मत्स्यालयाच्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ती ओळखली जाते. टाकीच्या वर एक पिंप ठेवायचं. छोटा पंप ते सावकाश भरतो. पाणी ठरावीक उंचीला आलं की सायफन सुरू होतो आणि सगळं पाणी धबाधबा खाली येतं. पिंप रिकामं झालं की हवा शिरते, सायफन तुटतो, पुन्हा भरणं सुरू. टायमर नाही, सर्किट नाही. आपल्याकडचा वासुदेव-प्याला माहितीये? पाणी चढत चढत बाळकृष्णाच्या पायाला लागलं की आपोआप ओसरतं. तत्त्व तेच, फक्त इथे त्याची लाट झाली.

घरच्या टाकीत आधी आले पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडणारे छोटे पंप. त्यांची धार बारीक आणि टोकदार, पाइपने अंगण धुतल्यासारखी. नंतर पंख्याच्या पात्याचे पंप आले, रुंद आणि मऊ प्रवाह देणारे. आता तर मोबाइलवरून वेग बदलता येतो. पण नियम जुनेच आहेत. दोन पंप समोरासमोरच्या काचांवर, वेगवेगळ्या उंचीवर लावा आणि आळीपाळीने चालवा. धार थेट प्रवाळावर सोडू नका. एखादा पंप वरच्या पृष्ठभागाकडे वळवा, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. शौकिनांचा ढोबळ हिशोब असा: मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या १० ते २० पट पाणी फिरलेलं चालतं, कडक सांगाड्याच्या फांद्यांसारख्या प्रवाळांना २० ते ४० पट किंवा जास्त लागतं. गाळ कुठे साठतोय त्यावर लक्ष ठेवा. तिथे प्रवाह पोचत नाहीये.

आणि लाइट गेली तर? प्रवाह थांबला की ऑक्सिजन उतरायला लागतो. बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. तोही नसेल तर मग घ्या भरून आणि वरून ओता टाकीतलंच पाणी, पुन्हा पुन्हा. १८४६ ची युक्ती आजही चालते.

हे सगळं फक्त हौसेपुरतं असतं तर मी हा भाग केला नसता. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि जगभरचे प्रवाळ पांढरे पडून मेले. त्यानंतर नाकामुरा आणि व्हॅन वूसिक या संशोधकांनी ओकिनावात प्रयोग केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. गरम पाण्यातही जिथे प्रवाह वेगवान होता तिथले प्रवाळ संथ पाण्यातल्यांपेक्षा चांगले तगले. वाहतं पाणी उष्णतेवरचा इलाज नाही, पण जगण्या-मरण्यात फरक पाडू शकतं. काचेच्या पेटीत आपण जे शिकलो, तेच खऱ्या समुद्रातही लागू पडलं.

म्हणून एक विनंती. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. त्यांना तिथेच राहू द्या. भारतात कडक प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे, ते काढणं गुन्हा आहे. आणि खरं सांगू का, तिथे लाट फुकट मिळते, लाइट कधी जात नाही आणि पंप साफ करावा लागत नाही.

भाग आवडला तर फिश टँकवाल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!